जुना लॅपटॉप सुधारून वापरायचा की नवा घ्यायचा?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून आमच्या नात्यातल्या तिघांनी मला हे विचारलंय, परवा भाचा म्हणाला, मामा लॅपटॉप धड आहे पण विंडोज ११ घेत नाही, काढून टाकू का? म्हणजे बघा, मशीनला काही झालेलं नाही, फक्त त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही नि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा, एवढ्यावरून चालतं मशीन भंगारात जाणार.

माझ्या घरी दोन्ही आहेत. एक २०१४ चा, ऑफिसातून जुना म्हणून स्वस्तात मिळालेला, विटेसारखा जड. दुसरा २०२१ मध्ये घेतलेला, पातळ, दिसायला एकदम झकास.

नव्याच्या बाजूने आधी बोलतो. वजन कमी, फॅनचा आवाज नाही, बॅटरी दिवसभर, आणि गोव्यात आमच्या साखळी गावात पावसाळ्यात लाईट कशी जाते ते माहीत असलेल्याला बॅटरीचं मोल वेगळं सांगायला नको. वीजही कमी खातो. दुकानदार हाच मुद्दा पुढे करतात की नवा घ्या, वीज वाचवा, पर्यावरणाला चांगलं. मी आपला कागदावर हिशोब केला. समजा नवा दहा वॅट कमी खातो आणि रोज पाच तास चालवला, तर वर्षाला अठराएक युनिट वाचतात. आपल्याकडची वीज बरीचशी कोळशाची, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन धरला तर वर्षाला तेरा किलो. आणि एक लॅपटॉप तयार होतानाच साधारण २०० ते ३०० किलो कार्बन हवेत गेलेला असतो. म्हणजे फिटायला पंधरा-वीस वर्षं, तोवर कुठला लॅपटॉप टिकतोय?

विजेचं आपल्याला निदान दिसतं तरी. छत्तीसगडमधल्या तमनारहून गोव्यात येणाऱ्या विजेच्या लाईनसाठी आमच्या मोलेच्या जंगलातली झाडं जाणार म्हणून २०२० मध्ये केवढं रान उठलं. पण बॅटरीतलं कोबाल्ट बहुतेक काँगोच्या खाणींतून येतं, ते आपल्या डोळ्याआड. डिचोली-साखळीकडच्या माणसाला खाण म्हणजे काय ते शिकवायला नको, मातीचे डोंगर नि पावसात शेतात उतरणारं लाल पाणी बघतच आम्ही मोठे झालो, तसं काहीतरी तिकडे कुणाच्या तरी शेतात होत असणारच ना.

तरी खरं सांगू, माझा निर्णय यातल्या कशावरूनही झाला नाही. झाला तो एका बटणावरून.

२०२३ च्या पावसात, आमच्याकडे तेव्हा भिंतींनाही बुरशी येते, नव्याचं 'जे' बटण मेलं. मी इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड मांडणीने, मराठी टाईप करतो, त्यात 'जे' वर 'र' असतो. झालं, 'र' गेला. पंचायतीला अर्ज लिहायला बसलो तर सरपंचांचे सपंच झाले, रविवारचा विवा. दुसरीकडून 'र' कॉपी करून पेस्ट करत कसाबसा अर्ज पुरा केला. सर्व्हिस सेंटरला नेला तर म्हणे एक बटण मिळत नाही, कीबोर्डही सुटा नाही, वरचा अख्खा भाग टचपॅडसकट बदलावा लागेल, साडेनऊ हजार, आणि पार्ट यायला तीन आठवडे. एका 'र' साठी साडेनऊ हजार! रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, तर बोर्डालाच चिकटवलेली, वाढवायची सोयच नाही.

जुन्याचाही कीबोर्ड आधी एकदा गेला होता. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो होतो तेव्हा साडेसातशेला आणला, दोन स्क्रू काढले नि घरीच बसवला. पुढे त्यात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकली, रॅम आठ जीबीची सोळा केली, बॅटरी नवी घातली, वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम, सगळं मिळून सात हजारांच्या आत.

त्रास आहेतच. डिजिटल सहीचा टोकन, तो पेनड्राइव्हसारखा असतो, लिनक्सवर चालवताना दोन संध्याकाळी गेल्या, आणि बॅटरी अडीच तासांवर जात नाही. व्हिडिओ एडिटिंग वगैरे करत असाल तर माझं ऐकू नका, नवाच घ्या, पण घेण्याआधी रॅमचा स्लॉट आहे का आणि कीबोर्ड सुटा मिळतो का एवढं दुकानदाराला विचाराच. आणि जुना माळ्यावर टाकू नका. २०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला पाव हिस्साही रीतसर रिसायकल झाल्याची नोंद नाही, बाकीच्यातला बराचसा असाच कुणाच्या तरी माळ्यावर नाहीतर भंगारवाल्याकडे.

भाच्याला म्हटलं, आधी एसएसडी टाकून महिनाभर बघ, नाही जमलं तर नवा आहेच. आमचा तो नवाही अजून चालतो, बायको बाहेरून यूएसबी कीबोर्ड लावून वापरते, फक्त मांडीवर घेता येत नाही.