करिअर समुपदेशन: नर्सिंग, सायकॉलॉजी की एमएसडब्ल्यू?

नाशिकमधल्या या केंद्राला माझ्याकडून चार स्टार. लेकीला 'लोकांच्या उपयोगी पडायचंय' एवढंच ठाऊक होतं. मॅडमनी कल चाचणीचा कागद बाजूला ठेवला आणि प्रत्यक्ष काम काय असतं ते सांगितलं. नर्स रुग्णाची जखम बघते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, घेतलेले सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक त्याच रुग्णाचं रेशनकार्ड मागवतात, जनआरोग्य योजनेचे कागद लावतात, ट्रस्टना मदतीसाठी पत्रं लिहितात, बेवारस पेशंटचे नातेवाईक हुडकून काढतात. पोरगी वहीत भराभर लिहून घ्यायला लागली.

पैशांचंही आडपडदा न ठेवता बोलल्या. नर्सिंगची 4 वर्षं आणि नर्सिंग परिषदेची नोंदणी झाली की नोकरी लवकर लागते. एमएसडब्ल्यू पदवीनंतर 2 वर्षांचं, पण सामाजिक संस्थांमधली कामं बऱ्याचदा प्रकल्पापुरती आणि पगार बेताचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी हवी, रस्ता लांबचा. इतकं खरं तोंडावर सांगणारं माणूस मिळत नाही हो!

एक स्टार कापला तो वेळेसाठी. अकराची वेळ देऊन साडेबाराला आत घेतलं, त्यात फील्डवर्कबद्दल, म्हणजे शिकतानाच प्रत्यक्ष जाऊन करायच्या कामाबद्दल, विचारायचं राहूनच गेलं. एमएसडब्ल्यूचा कणाच तो. जाणार असाल तर बारावीच्या निकालाआधी जा.