इंग्लंडच्या रजिस्टर ऑफिसातलं समलिंगी लग्न: सेवा चोख, पण मंगलाष्टकांना मनाई

इंग्लंड-वेल्समध्ये २९ मार्च २०१४ पासून दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्न कायद्यानं लागतं. रजिस्टर ऑफिसची, म्हणजे सरकारी लग्न-नोंदणी कार्यालयाची सेवा सरळ आहे, फक्त कागदपत्रं आधीच नीट जमवा.

आधी नोटीस, म्हणजे लग्न करणार असल्याचं आपल्या भागातल्या रजिस्टर ऑफिसात कळवणं. दोघांनी स्वतः जायचं, त्या भागात किमान सात दिवस राहिलेलं हवं, आणि पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, आधीचं लग्न मोडलं असल्यास घटस्फोटाचा अंतिम आदेश न्यायचा. हा आदेश मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, नाहीतर नोटीस अडकते. मग २८ दिवस थांबायचं. कुणी व्हिसावर असेल तर गृहखातं ही मुदत ७० दिवसांवर नेऊ शकतं, म्हणून तारीख पक्की होईपर्यंत हॉलचा ॲडव्हान्स देऊ नका. भारतातून लग्नापुरतं येणाऱ्यांना मॅरेज व्हिजिटर व्हिसाच काढावा लागतो.

विधी छोटा असतो: ठरावीक शपथा, दोन साक्षीदार, सह्या. धार्मिक काहीही चालत नाही. भटजी, मंत्र, सप्तपदी सगळं बाहेर. हा नियम स्त्री-पुरुष जोडप्यांनाही तसाच लागू आहे, त्यामुळे भेदभाव नाही. तरी आम्हाला तो फारच ताठर वाटतो. ज्यांना देवही हवा आणि कायदाही, त्यांनी आधी सह्या उरकाव्यात आणि अंतरपाट दुसऱ्या हॉलमध्ये धरावा. वाचनाचा, गाण्यांचा मजकूर रजिस्ट्रारला काही आठवडे आधी दाखवा.

धर्मस्वातंत्र्याची बाजू समलिंगी लग्नाला मान्यता देणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं चांगली सांभाळली आहे. कुठल्याही धर्मगुरूवर असं लग्न लावायची सक्ती नाही. धर्मसंस्थेनं आपणहून संमती दिली तरच तिथे लग्न लागतं. क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि लिबरल ज्यू मंडळींनी ती दिली आहे, चर्च ऑफ इंग्लंडला मात्र कायद्यानंच वगळलं आहे. ही मुभा रजिस्ट्रारला नाही. लंडनमधल्या इझलिंग्टनच्या रजिस्ट्रार लिलियन लाडेल यांनी श्रद्धेपोटी समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीला नकार दिला होता. २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही त्या हरल्या. आमच्या मते हे योग्यच झालं. पगार सर्वांच्या करातून मिळतो, तर खिडकीही सर्वांना उघडी हवी.

एक मोठी अडचण या कार्यालयाच्या हातात नाही. भारतात या दाखल्याच्या जोरावर नवरा-नवरा किंवा बायको-बायको म्हणून नोंद होत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं हा विषय संसदेवर सोडला. तिथल्या मालमत्तेसाठी मृत्युपत्र वेगळं करून ठेवा.