चौथी आज्ञा कोणती? उन्हाळी शिबिराच्या साहित्याबद्दल थोडं

वसईत आमच्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी अकरा वर्षं धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. रविवारचा वर्ग तासाभराचा. हजेरी आणि प्रार्थना झाल्यावर शिकवायला जेमतेम चाळीस मिनिटं उरतात. मे महिन्यातल्या शिबिरात मात्र मुलं सहा दिवस, रोज चार तास आमच्याजवळ असतात. वर्षभरात जे पोचवता येत नाही, ते या चोवीस तासांत पोचतं. म्हणून शिबिरात मुलांच्या हातात काय द्यायचं, याची मला फार काळजी असते.

गेल्या वर्षी आम्ही एक तयार संच ऑनलाइन मागवला. किंमत सात हजार आठशे रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तो संच वाईट नव्हता, तो आमच्यासाठी नव्हता आणि ते ओळखणं आमचं काम होतं. समुद्रप्रवासाची थीम होती. जाड कागदाची रंगीत पोस्टरं, ॲक्शन साँग्ज, स्टिकर, शिक्षकांसाठी दिवसागणिक तासिका असं सगळं होतं. पाठीवर ‘सर्व चर्चेससाठी’ असं छापलेलं. आम्ही चौघी शिक्षिका खूश झालो आणि आतली पानं नीट न वाचताच कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी दहा आज्ञांचं पोस्टर लावलं. नऊ वर्षांची एक मुलगी उठून म्हणाली, “टीचर, चौथी आज्ञा चुकलीय. चौथी आईवडिलांची ना?” पोस्टरवर चौथी आज्ञा शब्बाथाची (विश्रांतीच्या पवित्र दिवसाची) होती आणि आईवडील पाचव्या क्रमांकावर. शेजारची शिक्षिका म्हणाली, छपाईची चूक असेल. चूक नव्हती. बायबलमधल्या निर्गमच्या विसाव्या अध्यायात आज्ञांना आकडे घातलेले नाहीत. कॅथलिक परंपरा संत ऑगस्टीनच्या मांडणीप्रमाणे मोजते. मूर्तीविषयीचं वचन पहिल्या आज्ञेत येतं आणि शेवटच्या लोभाच्या दोन वेगळ्या आज्ञा होतात. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या मूर्तीची आज्ञा वेगळी, दुसरी धरतात, त्यामुळे पुढचे आकडे एकेक करून सरकतात. मजकूर तोच. पण आजीकडून पाठ केलेली आज्ञा चर्चच्या हॉलमध्ये वेगळी दिसली की मूल गोंधळतं, आणि त्याच्या मनात चूक ठरते ती आजी.

त्या रात्री मी शिक्षकांची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ या प्रार्थनेच्या शेवटी ‘राज्य, सामर्थ्य, गौरव’ जोडलेलं होतं. मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) आपणही ते म्हणतो, पण मध्ये फादरांची प्रार्थना येते. घरी किंवा जपमाळेत आपण ते जोडत नाही. चौथ्या दिवशी शेवटचं भोजन होतं. त्यात बिस्किटं आणि द्राक्षाचा रस वाटून ‘येशूची आठवण म्हणून’ खायचा उपक्रम दिला होता. समोर बसणाऱ्यांत सतरा मुलं त्याच वर्षी पहिलं कम्युनियन (मिस्सात मिळणारा ख्रिस्तप्रसाद) घेतलेली. ते ख्रिस्ताचं शरीर आहे, असं फादरांनी त्यांना महिनोन्‌महिने शिकवलं, आणि त्यांना मी बिस्किट देऊन आठवण म्हणू? शेवटच्या दिवशी प्रत्येकाने कार्डावर ‘मी आज येशूला स्वीकारलं’ असं लिहून तारीख टाकायची होती. आमची मुलं तान्ही असतानाच बाप्तिस्म्यात ख्रिस्ताची झालेली आहेत.

मला सर्वांत जास्त लागलं ते पुस्तिकेत नसलेलं. दोनशे पानांत मरिया माता एकदाच, गव्हाणीशेजारी. संत एकही नाही. पापनिवेदनाचा शब्द नाही. क्रुसावर येशू नाही. छापलेल्या ओळीवर बोट ठेवून ‘हे आमचं नाही’ असं म्हणता येतं. न छापलेलं सहा दिवसांत कुणाच्या ध्यानातही येत नाही. प्रोटेस्टंट बंधुभगिनींनी त्यांच्या मुलांसाठी मेहनतीने बनवलेलं ते साहित्य आहे, आणि त्यांच्या श्रद्धेशी ते प्रामाणिक आहे. सुट्टीतल्या बायबल शाळेची कल्पनाही अमेरिकेत त्यांच्याच मंडळींनी रुजवली, हे कृतज्ञतेने सांगायला हवं. तरी माझ्या वर्गातल्या मुलाला त्याचं स्वतःचं घर पूर्ण दाखवणं हे माझं काम.

यंदा जानेवारीतच शोध सुरू केला. वांद्र्याला वॉटरफील्ड रोडवर पॉलिन सिस्टर्सचं पुस्तकांचं दुकान आहे. या संघाची सुरुवात 1915 साली इटलीत आल्बा गावी झाली आणि पुस्तकं व इतर माध्यमांतून सुवार्ता सांगणं हेच त्यांचं व्रत. तिथे उभं राहून पुस्तकं चाळता येतात, म्हणून शनिवारी विरार लोकल पकडून गेले. आधी प्रत्येक पुस्तकाचं दुसरं पान उघडायचं, असं ठरवलं होतं. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, 827 व्या कलमानुसार धर्मशिक्षणाचं पुस्तक छापायला स्थानिक बिशपांची मान्यता लागते. ‘निहिल ऑब्स्टॅट’ म्हणजे तपासणाऱ्याची हरकत नाही, ‘इम्प्रिमातुर’ म्हणजे छापावं. हा शिक्का पुस्तक चांगलं असल्याची हमी नाही, फक्त शिकवणुकीत चूक नसल्याची आहे. रटाळ पुस्तकावरही तो असतो. पण त्याच्याशिवाय मी आता पुढचं पान उलटत नाही.

शोधाअंती घेतलं ‘यूकॅट फॉर किड्स’. मूळ जर्मन, 2018 साली आलेलं, ऑस्ट्रियाच्या बिशप परिषदेची मान्यता असलेलं आणि पोप फ्रान्सिस यांची प्रस्तावना असलेलं. रचना मोठ्या कॅटेकिझमसारखीच (चर्चच्या शिकवणुकीच्या मुख्य पुस्तकासारखीच) चार भागांची: श्रद्धा, संस्कार, आज्ञा, प्रार्थना. प्रश्न मुलांच्या तोंडचे वाटतात, उत्तरं आखूड आहेत आणि मोठ्यांसाठी वेगळा मजकूर दिला आहे. या वेगळ्या मजकुरानेच मला जिंकलं. आमच्याकडच्या नव्या शिक्षिका कॉलेजात शिकणाऱ्या मुली आहेत. मुलाने ‘देव दिसत नाही तर आहे कशावरून?’ विचारलं की त्या घाबरून विषय बदलतात. यंदा रात्री तो भाग वाचून आल्या आणि सकाळी न अडखळता बोलल्या. ख्रिस्तप्रसादावरचा भाग मी तीनदा वाचला; कुठेही पाणी घातलेलं नाही.

हे पुस्तक शिबिराचा संच नाही, हे मात्र आधीच समजून घ्या. त्यात खेळ, गाणी, वेळापत्रक नाही. ते घरात आईवडिलांनी मुलाला मांडीवर घेऊन वाचावं अशा हेतूने लिहिलेलं आहे. माझी प्रत इंग्रजी, आणि आमची मुलं घरी सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोलीत बोलतात. रोज रात्री दोन पानं मराठीत उतरवताना माझे दोन तास जात. ‘ग्रेस’ला कृपा हा शब्द तयार आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला कृपा म्हणजे काय? शेवटी, आई न मागता देते ते, असं सांगितलं. साठ मुलांना मिळून चार प्रती पुरल्या, प्रत्येक शिक्षिकेला एक. मुलांच्या हातात आम्ही स्वतः झेरॉक्स केलेली मराठी पानं दिली. ती आधी फादरांनी वाचून सही केली, मगच झेरॉक्सवाल्याकडे गेली.

गोष्टींसाठी त्र्याहत्तर पुस्तकांचं कॅथलिक बायबल वापरलं. प्रोटेस्टंटांच्या सहासष्ट पुस्तकांच्या बायबलमध्ये तोबीतचं पुस्तक सापडत नाही, आणि शिबिरात सर्वांत रंगलेली गोष्ट तोबीतचीच! तरुण तोबिया प्रवासाला निघतो, बरोबर अनोळखी सोबत्याच्या रूपात देवदूत राफाएल आणि घरचा कुत्रा. तैग्रिस नदीत मोठा मासा त्याच्यावर झेप घेतो. राफाएल म्हणतो, पकड, आणि त्याचं पित्त जपून ठेव. त्याच पित्ताने पुढे आंधळ्या बापाचे डोळे उघडतात. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला एक मुलगा उठला आणि माशाचं पित्त नेमकं कुठे असतं, ते कसं अलगद काढायचं आणि फुटलं तर कालवण कसं कडू होतं, हे फळ्यावर चित्र काढून दाखवलं. एरवी हा मुलगा मागच्या बाकावर गप्प बसतो.

संतांसाठी कुठलाही संच घ्यायची गरज पडली नाही. संत गोन्सालो गार्सिया आमच्याच वसईत जन्मला, लहानपणी इथल्या जेझुइट फादरांकडे शिकला, पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मेला. 1862 साली तो संत घोषित झाला. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, मुलांना किल्ल्यात नेलं आणि चर्चच्या पडक्या भिंतींजवळ बसवून ही गोष्ट सांगितली. मोठ्या मुलांना कार्लो अकुतिस हवा होता, तो 7 सप्टेंबर 2025 रोजी संत घोषित झालेला, जीन्स घालणारा, कॉम्प्युटरवाला. त्याच्यासाठी इंटरनेटवरची फुकट वर्कशीट काढताना जपा. त्यांतली बरीच ‘संतांची वचनं’ कुठून आली, याचा पत्ता नसतो. वचनं आम्ही गाळली आणि त्याची रोजची मिस्सा आणि जपमाळ तेवढी सांगितली.

शेवटच्या दिवशीच्या त्या स्वीकाराच्या कार्डाऐवजी आम्ही कोरं कार्ड दिलं. घरी विचारून त्यावर स्वतःच्या बाप्तिस्म्याची तारीख, चर्च आणि धर्मपिता-धर्ममातांची नावं लिहून आणायची. साठापैकी चोपन्न मुलांनी आणलं. दोघांच्या घरी आजोबांनी जुनी पेटी उघडून दाखला काढला होता. ती कार्डं बाप्तिस्म्याच्या कुंडाभोवती दोरीला अडकवली आहेत, आणि अजून काढलेली नाहीत. उरलेल्या सहा जणांची तारीख मी चर्चच्या रजिस्टरात शोधते आहे, चार सापडल्या.