सायकलला मिड-ड्राइव्ह मोटर: पवईचा चढ आणि मुंबईचा पाऊस सोसणारी कुठली?

मत आधी सांगते, कारणं मागाहून. मुंबईत रोजच्या कामासाठी गिअरच्या साध्या सायकलला मिड-ड्राइव्ह, म्हणजे पेडलपाशी बसणारी मोटर लावायची असेल तर बाफांग कंपनीची बीबीएस०१ घ्या, ३६ व्होल्ट आणि २५० वॉटची. त्या मालिकेतली ही सगळ्यात लहान मोटर. मी तीच वापरते, भांडुपहून पवई आणि सीप्झच्या बाजूला जायला. मागच्या कॅरिअरवर हत्यारांची पिशवी असते आणि बऱ्याचदा दुरुस्त केलेला एखादा छोटा पंपही.

माझं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटरी आमच्याकडे येतात. रोज जळकं वार्निश हुंगणाऱ्या माणसाला कुठलीही नवी मोटर दाखवा, पहिला प्रश्न हाच येतो की ही जळेल तर कशामुळे, आणि उघडली तर आत काय सुटं मिळेल. ‘किती पळते’ हा प्रश्न मी विचारलाच नाही.

चाकातली हब मोटर स्वस्त पडते, बसवायला सोपी असते, आणि सपाट रस्त्यावर उत्तम चालते. दादर-माटुंग्यातच फिरणाऱ्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. पण गांधीनगर जंक्शनला एलबीएस मार्ग सोडून तुम्ही जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) वळलात की आयआयटीच्या मेन गेटपर्यंत रस्ता वर वर जातो. तिथे हब मोटर हळू फिरते आणि हळू फिरणारी मोटर विजेतून गती कमी आणि उष्णता जास्त काढते. मिड-ड्राइव्ह पेडलपाशी असते, तिची ताकद चेनवरून मागच्या गिअरला जाते. गिअर हलका केला की मोटर आपल्या सोयीच्या वेगाने फिरत राहते आणि सायकल सावकाश चढते. पेडर रोडवर किंवा मलबार हिलला राहणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

२५० वॉट पुरतात का, हे मला सगळेच विचारतात. हिशेब मांडून बघा. मी, सायकल, मोटर, बॅटरी आणि सामान मिळून साधारण १०६ किलो. चढ समजा चार टक्के, म्हणजे शंभर मीटरमागे चार मीटर. वेग ताशी १२ किलोमीटर. नुसतं वर चढायला जवळपास १४० वॉट लागतात, टायरचं घर्षण आणि हवा धरून १८०, चेनमधली गळती धरली तर २०० च्या आसपास. त्यातले ७०-८० वॉट माझे पाय आरामात देतात, घाम न येता. मोटरच्या वाट्याला उरले १२०. म्हणजे २५० वॉटची मोटर त्या चढावर निम्म्या भारावर चालते, आणि निम्म्या भारावर चालणाऱ्या मोटरी आमच्या वर्कशॉपात फार क्वचित येतात.

उष्णतेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण टिकाऊपणाचं मूळ तिथे आहे. वाइंडिंगच्या तारेत करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. आणि आमच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: इन्सुलेशनचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आता जड गिअरवर, म्हणजे मागच्या सगळ्यात लहान चक्रीवर चेन ठेवून चढ घेतला तर मोटर जेमतेम फिरते, कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट मोजून देणारं सर्किट, परवानगी असेल तेवढा सगळा करंट ओततो आणि त्यातला मोठा भाग तांब्यात गरम होऊन जातो. हे रोज केलं तर कुठल्याही कंपनीची मोटर मरते. म्हणून मोटरइतकाच मागचा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा चक्र्यांचा संच, महत्त्वाचा. बीबीएसबरोबर साधारणपणे ४६ दात्यांची पुढची चक्री येते. आपल्याकडच्या सायकलींच्या सात गिअरच्या फ्रीव्हीलला मोठी चक्री बहुतेक वेळा २८ दात्यांची असते. २६ इंची चाकावर मिनिटाला ६० पेडल मारले तर या जोडीत वेग १२ च्या खाली जात नाही. ट्रॅफिकमध्ये थांबून चढावर पुन्हा सुटायचं असेल तर हे जड आहे. १४-३४ चा फ्रीव्हील टाका, त्याच पेडलवर वेग १० पर्यंत उतरतो आणि मोटर मोकळी फिरते. डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला, ३४ दाते झेपतात का ते मात्र आधी बघा. या कामाला मोटरच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्च येतो, आणि मोटरचं आयुष्य वाढवणारं दुसरं इतकं स्वस्त काम मला माहीत नाही.

दुसरा पर्याय टोंगशेंग कंपनीची मिड-ड्राइव्ह मोटर, टीएसडीझेड२. चालवायला ती जास्त छान आहे, हे मी मनापासून म्हणते. तिच्यात टॉर्क सेन्सर आहे: पायाने जेवढा जोर लावाल त्या प्रमाणात मोटर मदत करते, त्यामुळे आपलेच पाय तगडे झाल्यासारखं वाटतं. बीबीएसमध्ये सेन्सर फक्त पेडल फिरतंय का, एवढंच ओळखतो. जोर लावा नाहीतर नुसते पाय फिरवा, तिला फरक नाही. ज्याला सायकलिंगची मजा हवी, जो रविवारी नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत जाऊन येतो, त्याने टोंगशेंगचा जरूर विचार करावा. पण तिची रचना मला रोजच्या ओझ्यासाठी नाजूक वाटते. आतल्या मोटरची उष्णता बाहेरच्या कव्हरपर्यंत नीट पोचत नाही, मध्ये हवेची फट आहे. म्हणून जगभरातले वापरणारे ती उघडून थर्मल पॅड भरतात. तिचा निळा प्लास्टिकचा गिअर मोठ्या भाराखाली झिजतो, त्याला पितळेचा पर्यायही मिळतो, आवाज वाढतो इतकंच. शिवाय टॉर्क सेन्सर म्हणजे नाजूक मोजमापाचा भाग, आणि तो पेडलच्या एक्सलवरच बसलेला.

बीबीएसच्या आतही पहिला गिअर नायलॉनचाच आहे. त्यात वाईट काही नाही. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, पेडलपाशी येईपर्यंत साधारण बावीसपट कमी होतात, आणि त्यातल्या पहिल्या टप्प्यावर नायलॉन असल्यामुळे आवाज कमी राहतो. फक्त त्यावर ग्रीस हवं आणि ते वेळोवेळी बदलायला हवं. कव्हरचे स्क्रू काढले की गिअर समोर दिसतो. कंट्रोलर वेगळ्या तुकड्यात आहे, तो आख्खा बदलता येतो. आत रेझिन ओतलेलं असल्यामुळे तो दुरुस्त होत नाही, पण त्याच्यासाठी सगळी मोटर फेकावी लागत नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेले असतात. तो नंबर घेऊन नागदेवी स्ट्रीटला जा, काउंटरवर चांगल्या कंपनीचं बेअरिंग मिळतं. माझ्या लेखी भरवशाची मोटर म्हणजे हीच, जिची दुरुस्ती आपल्या शहरात आपल्या हाताने होते.

मोठ्या भावंडांबद्दल थोडक्यात. बीबीएस०२ ४८ व्होल्टवर ७५० वॉटपर्यंत येते, तिचा कंट्रोलर २५ अँपिअर ओढतो, म्हणजे प्रत्यक्षात बाराशे वॉट. बीबीएसएचडी हजार वॉटची, वजन सहा किलोच्या घरात. दोन्ही दमदार आहेत, एचडी तर उष्णतेच्या बाबतीत फारच सहनशील. पण ती सगळी ताकद सायकलच्या चेनवरून जाणार आहे. माणसाच्या पायांसाठी बनवलेली चेन, फ्रीव्हील आणि व्ही-ब्रेक ते किती दिवस सोसणार? आणि कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पेडल-असिस्ट सायकलच्या मोटरची तीस मिनिटांची ताकद (सलग अर्धा तास देता येते ती) ०.२५ किलोवॉटच्या आत असेल, वेग ताशी २५ किलोमीटरला पोचेपर्यंत मदत कमी होत बंद होत असेल, पेडल थांबताच मोटर थांबत असेल, ब्रेक नीट असतील, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असेल, तर ते मोटार वाहन धरलं जात नाही. त्यापुढे गेलात की नोंदणी, विमा, परवाना हे सगळं आलं. एका विक्रेत्याने मला फोनवर सांगितलं, “मॅडम, साडेसातशे घ्या, विचारतंय कोण?” अपघात झाला की सगळेच विचारतात. मी तिथून माल घेतला नाही.

आता बसवणं. चांगली मोटर वाईट बसवली तर तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पेडलचा एक्सल ज्या नळीत बसतो ती बीबी शेल व्हर्निअरने मोजा. रुंदी ६८ किंवा ७३ मिलिमीटर आणि आतून आटे असतील तर मोटर सरळ बसते. स्वस्त एमटीबींमध्ये (माउंटन बाइक) दोन्ही क्रँक आणि एक्सल मिळून एकच वाकवलेला दांडा असतो. तिथे नळीचं भोक खूप मोठं असतं आणि अ‍ॅडाप्टर लागतो. अशी सायकल असेल तर मी म्हणेन, दुसरी सेकंडहँड फ्रेम बघा. नळीखालून गिअरच्या केबल जात असतील तर त्या मोटरखाली चिरडतात, त्यांची वाट बदलावी लागते.

या नळीच्या दोन्ही तोंडांना आट्यांनी बसवलेले, एक्सलची बेअरिंग धरणारे जुने कप काढणं हे मुंबईत खरं कष्टाचं काम, कारण खारी हवा आटे गंजवून टाकते. आमच्या नाक्यावरचे सायकलवाले काका पान्हा लावण्याआधीच म्हणाले, “ताई, उजवा कप उलट्या आट्याचा. नेहमीसारखा फिरवाल तर आणखी घट्ट होईल.” रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी लांब पाइप घालून तो सुटला. मोटर आत सरकवली की डाव्या बाजूला लॉकनट येतो. चालू होताना मोटर स्वतः उलटी वळायला बघते, तो धक्का सगळा या नटवर. तो पहिल्या काही दिवसांत थोडा ढिला पडतोच, म्हणून पुन्हा आवळायचा. काकांनी मोटर आणि फ्रेमची खालची नळी यांच्यात रबराचा तुकडाही दाबून बसवला, त्यानंतर कटकट आवाज आला नाही.

ब्रेकच्या दांडीला कट-ऑफ स्विच लावलेच पाहिजेत. पेडल थांबल्यावर बीबीएस क्षणभर ढकलत राहते, आणि रिक्षाच्या मागे तो क्षण मोठा असतो. गिअर सेन्सर वेगळा विकत घ्यावा लागतो. तो गिअर बदलताना मोटर पळभर तोडतो आणि चेनवरचा ताण वाचतो. घ्या. थ्रॉटल मी लावलेला नाही. सुरुवातीचा धक्का मला जोराचा वाटला, तो यूएसबी केबलने सेटिंग बदलून कमी करता येतो. माझ्या मते ही केबल मोटरबरोबरच मागवावी.

पावसाचं म्हणाल तर मोटरवर आयपी६५ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि पाण्याच्या फवाऱ्याने बिघडत नाही. बुडवून चालेल असा त्याचा अर्थ नाही, आणि मिड-ड्राइव्ह तर सायकलच्या सगळ्यात खालच्या जागी लटकते. अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी पेडलपर्यंत आलं असेल तर उतरा, थांबा, दुसरा रस्ता घ्या. कनेक्टरचं तोंड खाली ठेवा, वायर कनेक्टरच्या खाली वळसा घेऊन येऊ द्या म्हणजे थेंब तिथून गळून जातो, आणि जोडांत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. पावसाळा संपला की मोटर काढून बेअरिंग आणि ऑइल सील बघायचे. माझ्या मोटरची आतली बाजू कोरडी निघाली, ग्रीस तेवढं काळवंडलं होतं.

तक्रारीही आहेत. सिग्नलला सुटताना मदत यायला पेडल थोडं फिरावं लागतं, चढावर जड वाटतं. चेन साध्या सायकलपेक्षा लवकर ताणते. मी चेनचा ताण मोजायचं चेन-गेज ठेवते आणि ०.७५ टक्के ताण दाखवला की चेन बदलते, उशीर केला तर चक्र्याही जातात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरच्या बॅटरीत ३६० वॉट-अवर असतात. किलोमीटरला दहा वॉट-अवरच्या आसपास खर्च धरा. बॅटरी चांगल्या बीएमएसची (आतल्या सेलची राखण करणारं सर्किट) घ्या आणि जिन्यात किंवा दारात, बाहेर पडायच्या वाटेवर कधीही चार्ज करू नका.

विक्रेत्याला पैसे देण्याआधी तीन गोष्टी सुट्या मागून बघा: नायलॉनचा गिअर, कंट्रोलर आणि डाव्या बाजूचा लॉकनट. “किट मिळेल, पार्ट नाही” असं उत्तर आलं तर फोन ठेवा. मी ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी गिअर शेल्फवरून काढून दाखवला, तो मी तेव्हाच विकत घेतला. वर्कशॉपच्या खणात तो अजून पाकिटातच आहे.