सुधारणा नोटीस आली: पूर्तता करायची की अपील?

हॉटेल, खाणावळ किंवा फरसाणाचा कारखाना चालवणाऱ्यांना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधली कलम ३२ची सुधारणा नोटीस, म्हणजे नियम कुठे मोडला ते सांगून ठरावीक मुदतीत दुरुस्ती करायला लावणारी नोटीस, काही नवीन नाही. ती हातात पडली की दोन रस्ते असतात. दुरुस्त्या करून पूर्तता अहवाल द्यायचा, नाहीतर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करायचं. माझ्या खाणावळीच्या वेळी मी दोन्ही बाजू तपासल्या आणि पूर्तता केली. सगळ्यांना तेच लागू पडेल असं म्हणत नाही.

अपिलाची बाजू लंगडी नाही. त्रुटी कोणती, नियम कोणता मोडला, काय केलं म्हणजे ती दूर होईल आणि किती दिवसांत, हे सगळं नोटिशीत असावं लागतं. मुदत १४ दिवसांपेक्षा कमी देता येत नाही. यातलं काही राहिलं असेल, किंवा मागणी नियमात बसतच नसेल, तर अपिलात दम आहे.

मला अडलं ते मुदतीचं गणित. एरवी अपिलाला १५ दिवस मिळतात. नोटिशीविरुद्धच अपील असेल तर मात्र १५ दिवस किंवा नोटिशीतली मुदत, यातली जी आधी संपेल ती. म्हणजे १४ दिवसांची नोटीस असेल तर अपिलाचे दिवस आणि कामाचे दिवस एकच. वकील गाठा, मुद्दे काढा, कागद लावा, आणि त्याच दिवसांत मोरीसाठी गवंडी शोधा, पाण्याचा तपासणी अहवाल मिळवा, कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं गोळा करा. अपील केल्यावर नोटिशीला आपोआप स्थगिती मिळते असं त्या कलमात कुठे नाही, त्यामुळे दुरुस्तीचं काम काही सुटत नाही. मुदत टळली की परवाना निलंबित होऊ शकतो. त्यानंतरही त्रुटी राहिल्या तर कारणे दाखवा नोटीस देऊन रद्द. शिवाय आयुक्तांचा निर्णय अंतिम. त्यापुढे उच्च न्यायालयात रिट याचिका, आणि लहान खाणावळीला ते परवडत नाही.

पूर्ततेचा रस्ता मला उजवा वाटला तो वेगळ्याच कारणाने. काम करूनही सुधारणा झाल्याचं प्रमाणपत्र नाकारलं, तर त्या नकाराविरुद्ध अपील करता येतं आणि त्यासाठी नव्याने १५ दिवस मिळतात. तोवर बिलं, फोटो, अहवाल हाताशी असतात. नुसत्या युक्तिवादापेक्षा अशी फाइल जड पडते, असं माझं मत आहे.

पूर्तता केली म्हणजे दंड टळला असं मात्र धरू नका. अस्वच्छ जागी अन्न बनवल्याबद्दल कलम ५६ खाली १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ते प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्यांपुढे, म्हणजे असे दंड ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे, स्वतंत्र चालतं आणि त्याचं अपील न्यायाधिकरणाकडे जातं. दंड ठरवताना चूक पुन्हापुन्हा झाली का, जाणूनबुजून झाली का, हे पाहिलं जातं. दुरुस्तीचे कागद तिथेही दाखवता येतात.

सार्वजनिक आरोग्याचं कारण देऊन परवाना थेट निलंबित केला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दिवस मोजत बसू नका, अपील करा. बाकी वेळी आधी गवंड्याला बोलवा, पूर्तता अहवालाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि फेरतपासणीची मागणी लेखीच करा.