विंडोज १० की ११? रोजच्या हातसवयीच्या बाजूने एक तुलना

आधी मुदतीचं सांगते, कारण निर्णय तिथूनच सुरू होतो. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. अपडेटच्या मुदतवाढीसाठी घरगुती संगणकाची नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ते मिळतात. म्हणजे दहावर राहणं ही मुदतवाढ आहे, कायमचा मुक्काम नाही. संगणक त्यानंतरही चालेल, पण ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात तो बिनअपडेटचा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सवयीचं. आई बचतगटाचे हिशेब लॅपटॉपवर ठेवते. अकरा टाकल्यावर स्टार्ट बटण मधोमध गेलं म्हणून मी धास्तावले होते, पण तो सगळ्यांत सोपा बदल निघाला. टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, टास्कबार बिहेवियर्स, तिथे अलाइनमेंट लेफ्ट केलं की बटण जुन्या कोपऱ्यात.

अडलं ते फाइलवरच्या राइट क्लिकला. दहामध्ये लांबलचक यादी उघडते आणि त्यात कट, कॉपी ठरल्या जागी असतात. अकरामध्ये यादी आखूड झाली; कट, कॉपी, पेस्ट, रीनेम, डिलीट यांची चिन्हं एका ओळीत आली, आणि ती ओळ कधी मेन्यूच्या वरच्या टोकाला तर कधी खालच्या, कर्सर असेल तशी. आईची नजर यादीतून खाली खाली जायची आणि कॉपी काही सापडायचं नाही. मग तिने कीबोर्डशेजारी चिठ्ठी चिकटवली: ‘शिफ्ट दाबून उजवं बटण – जुनी यादी’. दोन आठवड्यांनी चिठ्ठी तिथेच होती, पण तिकडे बघायची गरज उरली नव्हती.

दहाची बाजू घ्यावी अशा गोष्टी आहेत. टास्कबार वर किंवा बाजूला नेण्याची सोय अकरा आली तेव्हा गेली, आणि स्टार्टमधल्या हलत्या टाइल्सही. उलट अकरामध्ये फाइल एक्सप्लोररला टॅब आले, म्हणून पावत्यांचं आणि हिशेबाचं फोल्डर एकाच खिडकीत राहतं. विंडोजचं बटण आणि झेड दाबलं की पडदा कसा वाटून घ्यायचा त्याचे आराखडेच समोर येतात. पासबुकाचा फोटो डावीकडे, एक्सेल उजवीकडे, हे आईला फार आवडलं.

मराठी टायपिंगची काळजी नको. मराठी फोनेटिक कीबोर्ड दहामध्ये २०१९ पासून आहे आणि अकरामध्येही तोच आहे. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलते.

डीटीपीवाल्यांचं, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करणाऱ्यांचं, मात्र वेगळं. जुन्या, युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटचं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (सॉफ्टवेअर चालायला संगणकाला लावावी लागणारी किल्ली) अकरावर चालतं का, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. विंडोज १० चे ३२ बिट आणि ६४ बिट असे दोन प्रकार आहेत; अकरा फक्त ६४ बिटमध्ये येतं. दहा ३२ बिटचं असेल तर थेट अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावं लागतं. लग्नसराईत पत्रिकांची कामं हातात असताना तर हा घाट घालूच नये.

शेवटी यंत्राचा प्रश्न. टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे तपासणीचं ॲप चालवलं की कळतं. टीपीएम नाही असं त्यात दिसलं तर आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) ते बंद आहे का पाहा. पुष्कळदा तेवढंच असतं. प्रोसेसरच जुना असेल तर आडमार्गाने अकरा टाकण्यापेक्षा दहाची मुदतवाढ घ्या आणि तोवर नव्या संगणकासाठी पैसे बाजूला काढा.

यंत्र बसत असेल तर मी अकरा निवडेन. बॅकअप घ्या आणि कामाची घाई नसलेला आठवडा बघा, कारण अपग्रेडनंतर १० दिवसच सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरीमधून दहावर परत जाता येतं. त्या १० दिवसांत प्रिंटर, स्कॅनर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर एकेकदा तरी चालवून पाहा.