अणुसल्ला: आतल्याचा की बाहेरच्याचा?
दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची राख अंगणातून झाडणाऱ्या आम्हा भुसावळकडच्यांत अणुविजेचा विषय निघाला की वाद ठरलेला: सरकारने ऐकावं कुणाचं, यंत्रणेतल्या शास्त्रज्ञाचं की बाहेरच्याचं?

होमी भाभा आतले. १९४८पासून अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष, १९५४पासून अणुऊर्जा खात्याचे सचिवही. शब्द थेट नेहरूंच्या कानी. कामं झपाट्याने झाली, मान्य. पण १९६४मध्ये चीनच्या अणुस्फोटानंतर त्यांनी आकाशवाणीवर ५० अणुबॉम्बचा खर्च १० कोटींच्या आत सांगितला. खातं त्यांचं, अंदाजही त्यांचाच, तपासणार कोण? (आमच्या पाटचारीचं एस्टिमेटसुद्धा वरचा इंजिनिअर बघतो!)

भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा बाहेरचे. १९५२ला खासदार झाले, अणुकार्यक्रमाच्या गुप्ततेवर लोकसभेत उघड बोलले. हातात अधिकार मात्र काहीच नाही. तरी बॉम्बच्या हिशेबाला मला साहाच हवेत; अणुभट्टी उभारायला भाभा.